गाडीचा हीटर गार पडलाय? आधी दोन पाइपांना हात लावा

हीटरमधून गार हवा येते म्हणून मी एकदा अख्खा डॅशबोर्ड उतरवला होता. सुट्टीचे दोन दिवस त्यात गेले. नवा हीटर कोअर (हवा तापवणारा आतला छोटा रेडिएटर) बसवला, सगळे स्क्रू जागेवर लावले (तीन उरले, ते निराळं), गाडी सुरू केली, आणि हवा होती तशीच गार. खरा दोष बॉनेटखाली, रेडिएटरच्या झाकणात होता. तो कसा निसटला ते पुढे सांगतो. तेव्हापासून हीटरसाठी कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी मी बॉनेट उघडतो आणि हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप चाचपतो. निम्म्याहून अधिक निदान तिथेच होतं.

हीटर मुळात करतो काय

पेट्रोल किंवा डिझेल गाडीत हीटर म्हणून सहसा वेगळं काही तापत नाही. इंधन जळताना जी उष्णता वाया जाते त्यातली बरीचशी इंजिनभोवती फिरणारं, त्याला गार ठेवणारं द्रव म्हणजे कूलंट उचलतं आणि रेडिएटर ती बाहेर टाकतो. त्याच कूलंटचा एक फाटा केबिनकडे वळवलेला असतो. डॅशबोर्डच्या पोटात वहीएवढा छोटा रेडिएटर बसवलेला असतो, तो हीटर कोअर. ब्लोअर त्यावरून हवा फुंकतो. किती हवा कोअरवरून जाईल आणि किती वळसा घालून गारच येईल, हे मधली एक झडप ठरवते. तापमानाची कळ फिरवली की बहुतेक गाड्यांत ही झडपच हलते. काही गाड्यांत जोडीला कोअरच्या पाइपावर कूलंट अडवणारा एक व्हॉल्व्हही असतो.

म्हणूनच हीटरची तक्रार बरेचदा इंजिन गार ठेवणाऱ्या व्यवस्थेची तक्रार निघते. कूलंट कमी झालं की पुष्कळ गाड्यांत सगळ्यात आधी हीटर कोअरमधला प्रवाह तुटतो, आणि तोवर टेम्परेचरचा काटा निवांत मध्यावर असतो. हीटर तुम्हाला वर्षातून चारच दिवस लागत असला तरी तो अचानक गार पडला तर बॉनेट उघडून बघाच.

हात घालण्याआधी

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा दाबाखालच्या कूलंट टाकीचं झाकण उघडायचं नाही. झाकणामुळे आत साधारण १ बार जादा दाब असतो, त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल करताच दाब सुटतो, कूलंट एकदम उकळतं आणि चेहऱ्यावर येतं. किमान तासभर थांबा, वरचा पाइप दाबून तो मऊ पडलाय का बघा, मग जाड फडकं धरून हळूहळू फिरवा. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो, तेव्हा बोटं जपा. इंजिन चालू ठेवून करायच्या चाचण्या उघड्यावर करा, बंद जागेत नाही. आणि कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत उघडं भांडं ठेवू नका.

हवाच येत नाही, की गार हवा येते?

हा पहिला प्रश्न, कारण इथून दोन रस्ते फुटतात. ब्लोअर फिरतोय, हवा जोरात येतेय पण गार, तर पुढचं वाचत जा. हवाच येत नसेल किंवा फुंकर मारल्यासारखी येत असेल, तर कूलंटकडे वळूही नका. थेट ब्लोअरच्या भागावर उडी मारा.

कूलंट किती आहे

इंजिन पूर्ण गार असताना बाटलीवरच्या किमान आणि कमाल खुणांमध्ये पातळी हवी. इथेच मी फसलो होतो. कूलंटच्या टाक्या दोन तऱ्हेच्या असतात. काही गाड्यांत टाकी स्वतःच दाबाखाली असते आणि झाकण तिच्यावरच असतं. तिथली पातळी खरी मानायला हरकत नाही. पण काही गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि शेजारची बाटली फक्त उतू गेलेलं कूलंट साठवते. इंजिन गार होताना रेडिएटरने ते परत ओढून घ्यायचं असतं. झाकणाचं रबर कडक झालं, किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. बाटली भरलेली दिसते, रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, आणि बाटली भरलेली पाहून मी पुढे निघून गेलो होतो. अशी गाडी असेल तर गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा; कूलंट मानेपर्यंत दिसलं पाहिजे.

कमी असेल तर भरा, पण गेलं कुठे हेही शोधा. पाइपांचे सांधे, वॉटर पंपाखालचे (कूलंट फिरवणाऱ्या पंपाखालचे) ओघळ, रेडिएटरच्या कडा आणि गाडीच्या आत पायाशी असलेला गालिचा बघा. कूलंट वाळलं की रंगीत किंवा पांढुरका थर मागे ठेवतं, त्यावरून वाट सापडते. भरताना गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच वापरा. रंगावर विसंबू नका. एकाच रंगाचे दोन ब्रँड आतून वेगळे असू शकतात, आणि न जुळणारी रसायनं एकत्र आली की गाळ होऊन तो हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो.

दोन पाइपांची चाचणी

बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा दिसतो, त्याला फायरवॉल म्हणतात. अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन रबरी पाइप शेजारी शेजारी त्यात शिरतात. तेच हीटरचे. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा. कळ पूर्ण गरमवर, ब्लोअर सर्वांत कमी वेगावर. ब्लोअर जोरात असेल तर कोअरमधली उष्णता तो भराभर ओढतो आणि परतीचा पाइप उगाच गार लागतो. आता दोन्ही पाइपांना पटकन बोट लावून काढा. घट्ट धरू नका, चांगल्या हीटरचा पाइप हात भाजण्याइतका गरम असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण तो काळ्या रबरावर रोखा. चकचकीत धातूवर तो चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो.

दोन्ही पाइप चांगले गरम, परतीचा किंचित कमी: कूलंट कोअरमधून नीट वाहतंय. दोष डॅशबोर्डच्या आत, हवेच्या झडपेत आहे.

एक कडक गरम, दुसरा कोमट किंवा गार: कोअर तुंबलाय किंवा त्यात हवा अडकलीय.

दोन्ही कोमट: आता टेम्परेचरच्या काट्याकडे बघा. काटाही खाली असेल तर थर्मोस्टॅट (त्याविषयी पुढे). काटा मध्यावर असून पाइप कोमट असतील तर कूलंट इथवर पोचतच नाही: पातळी कमी, हवेचा अडथळा, बंद राहिलेला हीटर व्हॉल्व्ह किंवा थकलेला पंप. व्हॉल्व्ह असल्यास त्याच्या अलीकडे आणि पलीकडे हात लावा. अलीकडे गरम, पलीकडे गार म्हणजे तो उघडत नाही. मग त्याची केबल किंवा व्हॅक्यूमची नळी निसटलीय का, तेवढं बघून मगच व्हॉल्व्ह बदला.

अजून एक खूण. गाडी उभी असताना हवा गार, ॲक्सिलरेटर दाबला की गरम, पुन्हा उभी केली की गार: हे जवळजवळ नेहमी कमी कूलंट किंवा अडकलेली हवा असते. पातळी भरून, हवा काढूनही तसंच राहिलं तर वॉटर पंपाचा संशय घ्या. त्याची पाती झिजतात किंवा दांड्यावर सैल होऊन घसरतात.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आणखी एक गंमत. पूर्वीच्या मालकाने गळका कोअर बदलण्याऐवजी दोन्ही पाइप इंजिनकडेच एकमेकांना जोडून टाकलेले असू शकतात. फायरवॉलच्या नळ्या उघड्या दिसल्या की समजा, हीटर बिघडलेला नाही, तो कुणीतरी काढून ठेवलाय.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी झडप. इंजिन तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडायला लागते. ती उघडीच अडकली तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन पुरेसं तापत नाही. शहरात रखडत जाताना हीटर बरा चालतो, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा घसरतो आणि हवा गार होते. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर पुष्कळदा पी०१२८ हा कोड मिळतो, म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाहीये.

खात्री करायला सकाळी गार इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅटपासून रेडिएटरला जोडणाऱ्या मोठ्या पाइपावर अधूनमधून हात ठेवा. बरीच मिनिटं तो गारच राहिला पाहिजे आणि मग अचानक तापला पाहिजे. इंजिनबरोबर तोही हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट गेलाय. काढल्यावर पातेल्यात पाण्यात टाकून थर्मामीटरसह तापवूनही बघता येतं; त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला हवा आणि गार झाल्यावर पूर्ण मिटायला हवा. पातेलं मग स्वयंपाकाला नको.

बदलणं अवघड नाही. कूलंट थर्मोस्टॅटच्या पातळीखाली उतरेल इतकं स्वच्छ भांड्यात काढा, हाउसिंगचे बोल्ट सोडा, जुना कसा बसला होता त्याचा फोटो घ्या. स्प्रिंगची बाजू सहसा इंजिनकडे असते. थर्मोस्टॅटच्या चकतीवर हवा सुटायला छोटं भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा. गॅस्केट बसते ती जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियममधले आटे गेले तर थर्मोस्टॅट राहील बाजूला आणि दुसरंच काम निघेल.

"गाडी गरम होते ना, काढूनच टाका थर्मोस्टॅट," असा सल्ला देणारे मिस्तरी उष्ण प्रदेशात हमखास भेटतात. ऐकू नका. इंजिन कायम गार चालतं, इंधन जास्त लागतं, तेलातला ओलावा उडून जात नाही, आणि हीटर तर जातोच.

अडकलेली हवा काढणं

कूलंट बदललं, पाइप काढला, थर्मोस्टॅट बसवला, की हवा शिरते आणि हीटर कोअरसारख्या वळणाच्या जागी फुगा करून बसते. दुरुस्तीनंतर लगेच गार पडलेल्या हीटरचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. काम सोपं आहे, फक्त घाई चालत नाही.

गार इंजिनवर गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांमागे ठोकळे लावा. कळ पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी वेगावर. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडाशी घट्ट बसणारं नरसाळं लावून कूलंट भरा. पाइपावर किंवा थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की आवळा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल तशी भरत राहा. मधूनमधून हीटरचे पाइप हाताने दाबा-सोडा, अडकलेला फुगा त्याने हलतो. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा जवळच राहा. कूलंट वर चढून उसळू लागलं तर इंजिन बंद करा. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला आणि बुडबुडे थांबले की गाडी बंद करा, झाकण लावा. काही मॉडेल्समध्ये हवा व्हॅक्यूम पंपाने किंवा स्कॅनरच्या आज्ञेनेच निघते. पुस्तिकेत तसं म्हटलं असेल तर हा घरगुती खटाटोप करू नका.

बुडबुडे थांबतच नसतील, दर दोन दिवसांनी हवा पुन्हा भरत असेल, धुराड्यातून गोडसर पांढरी वाफ येत असेल, तर सिलिंडर हेडच्या गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असण्याची शक्यता आहे. कूलंटच्या वाफेतला वायू ओळखणारं रंग बदलणारं द्रावण मिळतं, त्याने तपासा. तोवर गाडी चालवू नका.

तुंबलेला कोअर धुणं

एक पाइप गरम, दुसरा गार, आणि हवा काढूनही फरक नाही, तर कोअर धुवा. इंजिन गार हवं. कुठला पाइप जाण्याचा आणि कुठला येण्याचा, त्यावर चिकटपट्टीने खूण करा. पाइप नळ्यांवर चिकटलेले असतात. पक्कडीने पिळून ओढलेत तर आतली पातळ नळी वाकते किंवा मुळापासून सुटते, आणि मग तुम्ही माझ्यासारखे डॅशबोर्ड उतरवत बसाल. हलकं फिरवून सुटत नसेल तर रबराला उभा छेद देऊन सोलून काढा. नवा पाइप कोअरपेक्षा केव्हाही स्वस्त.

दोन्ही नळ्यांना पारदर्शक नळी जोडा, पहिल्या झटक्याला निघणारं कूलंट भांड्यात धरा. मग बागेच्या नळीने उलट दिशेने, म्हणजे परतीच्या बाजूने, पाणी सोडा. तोटी जेमतेम उघडी. पूर्ण दाब किंवा कंप्रेसरची हवा लावली तर जुन्या कोअरचे सांधे सुटतात. तांबूस, चिखलासारखं पाणी येईल. दिशा आलटून पालटून बदला, पाणी स्वच्छ आणि सलग येईपर्यंत. तीव्र आम्ल घालायचा मोह टाळा, कोअर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खंगाळा. कोअरमध्ये थोडं पाणी राहतंच, तेव्हा भरताना कूलंटचं प्रमाण तेवढं वाढवा. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे नेहमीचं प्रमाण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. नंतर हवा काढायला विसरू नका.

गळती बंद करायची पावडर रेडिएटरमध्ये टाकलेल्या गाड्यांचे कोअर मी सर्वांत जास्त तुंबलेले पाहिलेत. पावडरीला गळतीचं भोक आणि कोअरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही.

कोअर गळत असेल तर खुणा वेगळ्या: केबिनमध्ये गोड वास, समोरच्या काचेवर पुसली तरी चिकट राहणारं धुकं, डॅशबोर्डखालचा गालिचा ओला. एसीची निचरा नळी तुंबली तरी गालिचा भिजतो, म्हणून बोटावर घेऊन बघा. साधं पाणी असेल तर एसी. चिकट, रंगीत असेल तर कोअर. बदलण्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड, एअरबॅग आणि कधी एसीचे गॅसचे पाइप काढावे लागतात. हे काम जाणत्याला द्या. तोवर दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो. बहुतेक गाड्या तशा चालतात, फक्त थंडीत काच साफ राहत नाही.

पाइप गरम, तरी हवा गार: झडप

इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा, ब्लोअर मंद, आणि कळ गारवरून गरमवर, पुन्हा गारवर फिरवा. डॅशबोर्डमागून झडप हलल्याचा मऊ आवाज यायला हवा. टक-टक-टक असा आवाज येत राहिला तर ॲक्च्युएटरमधला (झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरीतला) प्लॅस्टिकचा गिअर तुटलाय. काहीच आवाज नसेल तर मोटर, वायर किंवा कळ. जुन्या गाड्यांत ॲक्च्युएटर नसतो, केबल असते, आणि ती क्लिपमधून निसटते. पायाशी वाकून टॉर्चने पाहिलं तर दिसते, बोटाने परत बसते.

ॲक्च्युएटर दोन-तीन स्क्रूंवर असतो. काढल्यावर झडपेचा दांडा हाताने फिरवून बघा. हवा गरम झाली तर झडप ठीक, ॲक्च्युएटर बदला. दांडा अडकतोय किंवा नुसताच गरागरा फिरतोय, तर झडपच तुटलीय. नवा बसवल्यावर त्याला दोन्ही टोकं शिकवावी लागतात. कुठे बॅटरी थोडा वेळ काढून भागतं, कुठे स्कॅनर लागतो. चालक आणि शेजारी यांची तापमानं वेगळी ठेवता येणाऱ्या गाडीत एकच बाजू गार असेल तर त्या बाजूचा ॲक्च्युएटर आधी तपासा, मग अर्धवट तुंबलेला कोअर.

ब्लोअर

हवा कमी असेल तर सुरुवात केबिन फिल्टरपासून. तो बहुतेकदा ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि कित्येकांनी गाडी घेतल्यापासून बघितलेलाही नसतो. फिल्टर काढून ब्लोअर लावा. हवा सुधारली तर विषय संपला.

ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालतो आणि बाकी वेग मेलेत, तर रेझिस्टर, म्हणजे वीज कमी करून ब्लोअरचे खालचे वेग देणारा भाग. वरच्या वेगाला वीज त्याला वगळून जाते, म्हणून तो एवढाच उरतो. रेझिस्टर ब्लोअरजवळ हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. बदलताना त्याचा कनेक्टर करपलाय का बघा, करपला असेल तर तोही बदला. वर्षभरात दुसऱ्यांदा रेझिस्टर गेला तर तो दोष त्याचा नाही. मोटर जड फिरतेय आणि जास्त करंट ओढतेय.

अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल. तरी गप्प असेल तर ब्लोअर चालू ठेवून मोटरच्या खालच्या आवरणावर मुठीने ठोका. फिरायला लागली तर ब्रश झिजलेत, मोटर बदला. मल्टिमीटरने मोटरच्या कनेक्टरवर १२ व्होल्टच्या आसपास दिसत असून ती फिरत नाही, तरी मोटरच. व्होल्टेज नसेल तर मागे मागे जात रेझिस्टर, कळ आणि अर्थचा सांधा तपासा. फ्यूज उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.

इलेक्ट्रिक आणि डिझेल गाड्या

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनची उष्णता नसतेच. हवा तापवायला विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो. केबिन फिल्टर आणि १२ व्होल्टचा फ्यूज एवढंच घरी बघा. नारिंगी वायरींना हात लावू नका, त्यांत शेकडो व्होल्ट असतात. डिझेल इंजिन मुळातच हळू तापतं, म्हणून थंड प्रदेशासाठीच्या डिझेल गाड्यांत विजेची जादा हीटर कॉइलही असते; सुरुवातीची दहा मिनिटं गार हवा हा तिथे दोष नसेलही.

झालं का, ते तपासा

स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा, इंजिन तापलेलं, कळ पूर्ण गरमवर, ब्लोअर मध्यम. धडधाकट हीटर साधारण ५० ते ६५ अंशांची हवा देतो. वीसेक मिनिटं फिरून या, उभी गाडी आणि धावती गाडी दोन्हींत आकडा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर कूलंटची पातळी बघून बाटलीवर मार्करने खूण करा आणि आठवड्याने त्या खुणेशी ताडून बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली असेल, ती भरा. आठवड्यानंतरही उतरतच असेल तर गळती अजून सापडलेली नाही.